जमिनीखाली लोखंड आहे का आणि किती खोल आहे? मॅग्नेटिक सर्व्हेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेतात गाडलेली जुनी लोखंडी टाकी, मातीखाली गेलेलं बोअरचं केसिंग, कुठल्याच नकाशात नसलेली पाइपलाइन, असलं काही शोधायचं म्हटलं की लोक मॅग्नेटिक सर्व्हेबद्दल विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. नेटवर जे वाचायला मिळतं ते बरंचसं युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांना धरून असतं, ते जसंच्या तसं महाराष्ट्रात लावलं तर खड्डा चुकीच्या जागी पडतो, त्यामुळे आपल्या इथलं गणित जरा सविस्तर दिलंय.

मॅग्नेटिक सर्व्हेत नक्की करतात काय?

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे असतंच, मुंबई-पुण्याकडे ते साधारण 43000 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं युनिट) भरतं. जमिनीत लोखंडाची वस्तू असली की ती या क्षेत्रामुळे स्वतः थोडीशी चुंबक बनते आणि आजूबाजूचं क्षेत्र कुठे किंचित वाढवते, कुठे कमी करते. आपण सेन्सर घेऊन आखलेल्या लाईनींवर चालायचं, ठराविक अंतरावर रीडिंग घ्यायचं आणि त्या 43000 मध्ये कुठे 20 वाढलेत, कुठे 30 घटलेत ते बघायचं. यंत्र जमिनीत काहीच पाठवत नाही, जे आहे तेवढंच मोजतं. जुन्या रिपोर्टांमध्ये गॅमा असं युनिट दिसेल, घाबरू नका, 1 गॅमा म्हणजे 1 नॅनोटेस्लाच.

मग हा मेटल डिटेक्टरच झाला ना?

नाही, आणि हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे कारण चुकीचं यंत्र मागवून लोकांचे पैसे जातात. मेटल डिटेक्टर कॉइलमधून स्वतःचं क्षेत्र खाली पाठवतो आणि कुठलाही धातू असला तरी ओरडतो, पण नाण्याएवढी वस्तू असेल तर वीतभर-दीड वीत, मोठी असेल तर मीटर-दीड मीटर, त्याखाली त्याचं फारसं चालत नाही. मॅग्नेटोमीटरला, म्हणजे मॅग्नेटिक सर्व्हेच्या यंत्राला, फक्त लोखंड-पोलाद आणि चुंबकीय खनिजं असलेला दगड-माती दिसते, पण मोठी वस्तू असली की तो बराच खोल जातो. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, चांदी त्याच्यासाठी नसल्यासारखीच, स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकारसुद्धा.

सोनं सापडेल का? आमच्या वाड्यात गुप्तधन आहे असं आजोबा सांगायचे.

सोनं चुंबकीय नाही. मॅग्नेटोमीटरने सोनं दाखवतो म्हणणारा माणूस फसवतोय, त्याला एक रुपयाही देऊ नका. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यावरच्या सोन्याच्या विटा उडून पडल्या आणि त्यातल्या काही पुढे अनेक वर्षांनी गाळ काढताना मिळाल्या, अशा ठिकाणी मॅग्नेटोमीटर नेला तर जहाजाचे पत्रे दाखवेल, बोल्ट दाखवेल, वीट समोर असली तरी दाखवणार नाही. सोनं लोखंडी पेटीत असेल तर पेटी दिसेल, तांब्याच्या हंड्यात असेल तर काहीच नाही. आणि कायद्याचंही बघा: 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत किंवा त्यापासून 100 मीटरच्या आत परस्पर खणणं बेकायदाच आहे.

मग सापडतं तरी काय काय?

पोलादी टाक्या, ड्रम, पाइप, बोअरचं केसिंग, बुजवलेल्या विहिरीत टाकलेला लोखंडी भंगार, आरसीसीतली सळई, न फुटलेले बॉम्ब आणि तोफगोळे, बुडालेल्या जहाजांचे सांगाडे. आणि भाजलेली माती! हा माझा आवडता भाग. मातीत लोहाची बारीक खनिजं असतात, भट्टीत ती साडेपाचशे-सहाशे अंशांच्या वर तापली की (मॅग्नेटाइटसाठी हा आकडा 580 आहे) जुनं चुंबकत्व विसरतात आणि थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने नवं धरून ठेवतात. म्हणून कुंभाराची भट्टी हजारो वर्षांनीसुद्धा दिसते. 1958 साली इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ वॉटर न्यूटनला मार्टिन एटकेन यांनी प्रोटॉन मॅग्नेटोमीटरने रोमन काळच्या भट्ट्या अशाच शोधल्या, पुरातत्त्वातला हा पहिल्या मोठ्या यशांपैकी एक. आपल्याकडे विदर्भात नायकुंडला उत्खननात लोखंड वितळवायची भट्टी मिळालीय, अशा जागेवरचे लोहकिटाचे (लोखंड वितळवताना उरलेल्या मळाचे) तुकडेसुद्धा जोरदार रीडिंग देतात. दगडी भिंती, चर, खंदक हेही कधीकधी दिसतात, पण तो फरक 2-5 नॅनोटेस्लाचा असतो आणि बसाल्टच्या प्रदेशात तेवढा बहुधा गोंगाटात हरवतो.

मोबाईलमधल्या ॲपने होईल का?

भिंतीतला खिळा सापडेल. जमिनीखालचं नाही, कारण मोबाईलच्या सेन्सरचं रीडिंग जागच्या जागी शेकडो नॅनोटेस्लाने हलत असतं आणि आपल्याला हवा असतो 10-20 चा फरक.

यंत्र कुठलं चांगलं?

प्रोटॉन मॅग्नेटोमीटर सगळ्यात जुना आणि विश्वासाचा. बाटलीतल्या केरोसिनसारख्या द्रवातले प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्रात भोवऱ्यासारखे डुलतात, त्या डुलण्याची फ्रीक्वेन्सी मोजली की क्षेत्र मिळालं, आपल्याकडे ती सेकंदाला साधारण 1830 वेळा येते. वेग मात्र कमी, एका रीडिंगला थांबून उभं राहावं लागतं. सीझियमवाला सेकंदाला दहा किंवा जास्त रीडिंग देतो म्हणून चालत चालत काम होतं, पण महाग. फ्लक्सगेट ग्रेडिओमीटरमध्ये एकावर एक दोन सेन्सर असतात आणि तो दोघांतला फरकच दाखवतो, त्यामुळे लांबचा गोंगाट आपोआप कमी होतो, उथळ वस्तूंसाठी आणि पुरातत्त्वाच्या कामाला उत्तम. भाड्याने घेणार असाल तर कंपनीपेक्षा चालवणारा माणूस कोण आहे ते विचारा.

किती खोलपर्यंत दिसतं?

हे वस्तूवर आहे, यंत्रावर नाही. लक्षात ठेवायला एक ढोबळ माप: 1 किलो लोखंड सेन्सरपासून 1 मीटरवर असेल तर साधारण 10 नॅनोटेस्लाचा फरक पडतो, आणि अंतर दुप्पट झालं की हा फरक आठपट कमी होतो, म्हणजे 2 मीटरवर जेमतेम सव्वा, 3 मीटरवर अर्धासुद्धा नाही. तेच 1 टन लोखंड 10 मीटरवर पुन्हा 10 देतं. वस्तू लांबुळकी असेल किंवा स्वतःचं कायमचं चुंबकत्व घेऊन बसली असेल तर हे कितीतरी पट वाढू शकतं, तेव्हा याला अंदाजच समजा, पण सर्व्हे करावा की नाही हे ठरवायला तेवढा पुरतो. पाच मीटर खाली गेलेली कुदळ शोधायला कोणी बोलावलं तर मी सरळ नाही म्हणते.

आणि खोली कशी काढतात? हेच तर हवंय.

सगळ्यात सरळ पद्धत दोन उंचींची. तीच लाईन एकदा सेन्सर खाली धरून चालायची, एकदा वर धरून. समजा सेन्सर जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असताना सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी रीडिंगमधला फरक 200 नॅनोटेस्ला आला, आणि सेन्सर दीड मीटरवर नेल्यावर तोच फरक 59 झाला. 200 भागिले 59 म्हणजे साधारण 3.39, वस्तू आटोपशीर असेल, म्हणजे ड्रम, बॉम्ब, टाकी, तर परिणाम अंतराच्या घनाने घटतो म्हणून याचं घनमूळ काढायचं, ते येतं 1.5. त्यातून 1 वजा केला की उरले 0.5, दोन उंचींमधलं अंतर 1 मीटर, 1 भागिले 0.5 म्हणजे 2 मीटर. ही 2 मीटर खालच्या सेन्सरपासून आहेत! सेन्सर अर्धा मीटर वर होता तो वजा करा, जमिनीखाली दीड मीटर. ही वजाबाकी इतक्या जणांची राहते की विचारू नका, आणि मग पाऊण मीटरवरची वस्तू सव्वा मीटरवर लिहिली जाते आणि जेसीबीचा दात थेट तिच्यात जातो.

आता तेच आकडे घ्या पण खाली टाकी नसून लांबलचक पाइप आहे असं धरा. पाइपचा परिणाम अंतराच्या वर्गाने घटतो, मग 3.39 चं वर्गमूळ 1.84, खोली सेन्सरखाली जवळपास 1.2 मीटर, जमिनीखाली फक्त 70 सेंटीमीटर. आकडे तेच, उत्तर निम्म्याहून कमी. म्हणून आधी शेजारच्या लाईनी बघून वस्तू आटोपशीर आहे की लांब हे ठरवायचं आणि मगच गणित करायचं, सॉफ्टवेअर ज्याला स्ट्रक्चरल इंडेक्स म्हणतं तो हाच, ड्रमसारख्याला 3, पाइपला 2. दोन्ही सेन्सरची रीडिंग वेगवेगळी देणारा ग्रेडिओमीटर असेल तर दोन फेऱ्यांची गरज नाही, एकाच वेळी दोन्ही उंची मिळतात, पण इंडेक्सचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

शिवाय ही खोली वस्तूच्या मध्यापर्यंतची असते. टाकीचा व्यास दीड मीटर असेल तर तिचा माथा पाऊण मीटर आधीच लागणार.

ग्राफमध्ये जिथे रीडिंग सगळ्यात जास्त, तिथेच खाली वस्तू असते ना?

लंडनमध्ये जवळपास हो. महाराष्ट्रात नाही! आणि माझ्या मते या पूर्ण पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

पृथ्वीचं क्षेत्र जमिनीला ज्या कोनात शिरतं त्याला झुकाव म्हणूया. लंडनकडे तो 65 अंशांच्या वर असतो म्हणजे क्षेत्र जवळजवळ सरळ खाली जातं, म्हणून वस्तूच्या बरोबर वर उंचवटा येतो. मुंबई-पुण्याला झुकाव साधारण 26 अंश, गोव्यात 20 च्या आसपास, नागपूरकडे तिसाच्या वर, म्हणजे क्षेत्र तिरकं, जास्त आडवंच. याचा परिणाम असा की उत्तर-दक्षिण लाईन चाललात तर दक्षिणेला उंचवटा, उत्तरेला खळगा अशी जोडी येते आणि खळगा उंचवट्यापेक्षा थोडा मोठाच असतो. मुंबई-पुण्याच्या झुकावाला गणित करून बघा: उंचवटा वस्तूच्या दक्षिणेला खोलीच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर, खळगा उत्तरेला एक तृतीयांशावर, आणि वस्तूच्या नेमकं वर रीडिंग आजूबाजूच्या पेक्षा कमीच. म्हणजे वस्तू सेन्सरखाली 3 मीटर असेल आणि तुम्ही उंचवट्याखाली खड्डा घेतलात तर 2 मीटर दक्षिणेला खणताय, काही मिळणार नाही, आणि मग सर्व्हे खोटा म्हणून बदनाम.

यातूनच एक छान फायदा निघतो. उंचवटा आणि खळगा यांच्यातलं अंतर आपल्या अक्षांशावर साधारण सेन्सरखालच्या खोलीएवढंच भरतं. टेप धरा, मोजा, सेन्सरची उंची वजा करा, झाला पहिला अंदाज, आणि जागा खळग्याकडून उंचवट्याकडे जाताना एक तृतीयांशावर. लाईन उत्तर-दक्षिण असायला हवी, वस्तू आटोपशीर हवी आणि तिचं स्वतःचं कायमचं चुंबकत्व फार नको, या तीन अटी आहेत. जोडी उत्तर-दक्षिण न येता तिरकी किंवा उलटी आली तर समजायचं की वस्तू स्वतःचं चुंबकत्व बाळगून आहे, तिथे हा नियम बाजूला ठेवा आणि दोन उंचींवर विसंबा, ती पद्धत दिशेवर अवलंबून नाही.

पुस्तकातला अर्ध्या रुंदीचा नियम मग टाकूनच द्यायचा का?

टाकू नका. उंचवटा अर्ध्यावर येतो तिथली रुंदी म्हणजे खोली असा तो नियम आहे आणि तो उभ्या क्षेत्रासाठी काढलेला आहे. आपल्याकडे उंचवट्याची अर्धी रुंदी खोलीपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त येते, म्हणजे खोलीचा अंदाज फार बिघडत नाही, बिघडते ती जागा.

आमच्याकडे सगळा काळा कातळ आहे, तिथे चालेल का हो?

चालेल, पण त्रास आहे. दख्खनचा बसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात मॅग्नेटाइट भरपूर, आणि त्यातल्या बऱ्याच थरांनी पृथ्वीचं क्षेत्र आजच्या उलट असतानाच्या काळातलं चुंबकत्व धरून ठेवलंय. सुटा धोंडा काळ्या मातीत लोळत आडवातिडवा पडलेला असेल तर ग्राफवर तो ड्रमसारखाच दिसतो, वीज पडलेली माथ्यावरची जागा तर आणखी फसवते. कोकणातला जांभासुद्धा निरुपद्रवी नाही. अशा जागी मी काय करते, आधी शेजारच्या, जिथे काही पुरलेलं नाही हे पक्कं माहीत आहे अशा पट्ट्यात थोडं चालते आणि नुसत्या दगड-मातीचं रीडिंग किती हलतं ते बघते, ते 40-50 ने हलत असेल तर 20 च्या वस्तूमागे लागण्यात अर्थ नाही हे मालकाला तिथेच सांगून टाकते. खोल काळी माती असेल तर उलट मॅग्नेटिकच बरं पडतं, कारण जीपीआरच्या (जमिनीत रेडिओ लहरी सोडणाऱ्या रडारच्या) लहरी ओल्या काळ्या मातीत फार आत जातच नाहीत.

एकच वस्तू सकाळी आणि दुपारी वेगळी का दिसते?

वस्तू नाही, पृथ्वीचं क्षेत्र बदलतं. सूर्यामुळे वरच्या वातावरणात प्रवाह वाहतात आणि दिवसभरात 30-50 नॅनोटेस्लाचा फरक सहज पडतो, दक्षिणेला तिरुनेलवेलीकडे तर आणखी जास्त. त्यासाठी एक यंत्र दिवसभर एका जागी ठेवतात, बेस स्टेशन, आणि त्याचं रीडिंग वजा करतात. दुसरं यंत्र नसेल तर निदान तासातासाने त्याच खुंटीवर परत येऊन रीडिंग घ्या. सौरवादळ असेल त्या दिवशी कामच करू नका. सप्टेंबर 1859 च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने क्षेत्र जवळपास 1600 नॅनोटेस्लाने पडल्याची नोंद केली होती, आज जगभरचे शास्त्रज्ञ ती नोंद वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर 1904 साली हे मोजमाप अलिबागला नेलं, पोरबंदरच्या दगडात, लोखंड न वापरता बांधलेल्या इमारतीत, आणि ते आजही चालू आहे. ट्रामच्या तारेसाठी अख्खी वेधशाळा हलवली, तेव्हा खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवायला सांगितलं तर राग मानू नका.

सर्व्हेच्या दिवशी आम्ही काय तयारी ठेवायची?

गाड्या 30 मीटर लांब, ट्रॅक्टर-जेसीबी त्याहून लांब. सेन्सर धरणाऱ्याकडे मोबाईल, पट्ट्याचं बकल, किल्ल्या, पोलादी टोकाचे सेफ्टी बूट, चष्म्याची लोखंडी काडी, काही नको. बायकांनी केसातल्या पिना आणि ओढणीची सेफ्टी पिन काढायची, ब्रामध्ये तार नको, सोन्याचं मंगळसूत्र चालतं. गवत काढून ठेवा म्हणजे सेन्सर एकाच उंचीवर राहतो. तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, विजेचे खांब असतील तर त्यांच्याजवळची 5-10 मीटरची पट्टी वाया गेली असंच धरा.

लाईनी किती अंतरावर घ्यायच्या?

सगळ्यात उथळ वस्तू जेवढी खोल असेल असं वाटतं त्याहून लाईनींमधलं अंतर जास्त नको, आणि लाईनीवरची रीडिंग त्याच्या निम्म्या अंतरावर. मीटरभर खोलीवरच्या वस्तूसाठी 5 मीटरची जाळी घेणं म्हणजे दिवस वाया घालवणं. दिशा शक्यतो उत्तर-दक्षिण, कारण वर सांगितलंच.

जुनी पाइपलाइन सापडत नाहीये, का?

ती उत्तर-दक्षिण टाकलेली असेल. आपल्याकडे क्षेत्र बरंचसं आडवं असल्यामुळे असा पाइप लांबीच्या दिशेने चुंबकित होतो आणि मधल्या भागात बाहेर फारसं काही दाखवत नाही, टोकं आणि सांधे तेवढे दिसतात. पूर्व-पश्चिम पाइप चांगला दिसतो. नकाशावर सलग पट्टा न येता मण्यांसारखे एकाआड एक उंचवटे-खळगे आले तर तो पोलादी पाइपच, प्रत्येक नळाचं चुंबकत्व वेगळं असतं. पीव्हीसी आणि सिमेंटचा पाइप विसरा, बोअरचं केसिंगही पीव्हीसी असेल तर दिसणार नाही, लोखंडी असेल तर मात्र ते उभं असल्याने बरंच लांबून कळतं.

यातून बोअरला पाणी लागेल का ते कळेल?

थेट नाही, पाणी चुंबकीय नाही. पण धुळे-नंदुरबारकडे डाइक म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती खूप आहेत, त्या जमिनीखालचं पाणी अडवतात किंवा वाट करून देतात, आणि मातीखाली झाकलेल्या डाइक मॅग्नेटिकने छान सापडतात. पाण्यासाठी त्याच्या जोडीला रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजणं) लागतोच.

रिपोर्टमध्ये दीड मीटर लिहिलंय, मग खणायचं कुठून?

दीड मीटरला दीड मीटर समजू नका. स्वच्छ रीडिंगमध्येही 20-25 टक्के इकडेतिकडे होतं, बसाल्टमध्ये त्याहून जास्त, तेव्हा एक आकडा नको, इथपासून इथपर्यंत असं लिहून मागा. वरचा निम्मा थर मशीनने काढा, पुढे हाताने, आणि मधेच पुन्हा रीडिंग घ्या, माती कमी झाली की आकडा वाढतो आणि खोलीचा अंदाज आपोआप सुधारतो. जुन्या फायरिंग रेंजची, डॉकची किंवा लष्करी जागा असेल आणि बॉम्ब किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, हलवू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, माणसं मागे घ्या आणि 112 ला फोन करा, पुढचं काम बॉम्बशोधक पथकाचं.

रिपोर्ट घेताना सेन्सरची उंची, लाईनींची दिशा आणि अंतर, बेस स्टेशन होतं का, खोली कुठल्या पद्धतीने काढली आणि वस्तू टाकीसारखी धरली की पाइपसारखी, एवढं लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर पैसे द्यायच्या आधी लिहून घ्या आणि रीडिंगची मूळ फाइलही मागून ठेवा, दुसऱ्या कुणाकडून गणित पुन्हा करून घ्यायचं झालं तर तीच लागते.